डाऊन सिंड्रोम असलेल्या लेकराचे कान: तपासणी, मशीन आणि घरातला गोंगाट

माझे आप्पा इचलकरंजीत मागावर जॉबर होते. घरी आले की टीव्ही मोठा, बोलणं मोठं, आणि आईचं एक ठरलेलं वाक्य: "ह्यांच्या कानात गुपित सांगायचं म्हणजे आख्ख्या गल्लीला सांगायचं." ऑडिओलॉजीच्या, म्हणजे ऐकण्याच्या शास्त्राच्या, मास्टर्सला प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा मी मीटर घेऊन त्यांच्याच कारखान्यात जाऊन उभी राहिले. दोन मागांच्या मधे, आप्पांच्या कानाच्या उंचीवर धरलेल्या मीटरने 97 डेसिबल दाखवलं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या हिशेबाने या पातळीला दिवसाला अर्धा तास पुरे. आप्पांची पाळी 12 तासांची.

पुढे आयुष्यभर गोंगाटावरच काम करायचं असं डोक्यात होतं. मग एक मुलगा आला. सहा वर्षांचा, डाऊन सिंड्रोम असलेला. आई कांड्या भरायची, आणि घराची एक भिंत कारखान्याची. "त्याला कळत नाही ओ मॅडम काही," असं ती म्हणाली. अंगणवाडीतल्या बाईही तेच म्हणायच्या, दवाखान्यातही तेच सांगितलेलं. मी कानाच्या पडद्याची तपासणी केली. आलेख सपाट आला म्हणून "पडद्यामागे पाणी" असं लिहून मी त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कानातून खड्यासारखा मळ काढला आणि मला फोन केला: "व्हॉल्यूमचा आकडा वाचला नाहीस वाटतं?" नव्हता वाचला. यंत्रापुढे कानात किती मिलिलिटर जागा आहे ते तो सांगतो. आकडा 0.1 होता. म्हणजे माझं यंत्र पडद्यापर्यंत पोचलंच नव्हतं, मळावरच आपटून परत आलं होतं. मळ काढल्यावर पुन्हा तपासलं तर आलेख सपाटच, पण आकडा आता 0.4. पाणीही होतं. दोन्ही होतं.

ऐकण्याचं मशीन लावल्यावर पंधरा दिवसांनी आई सांगायला आली की पोरगं कुकरच्या शिट्ट्या मोजतंय. तिसरी झाली की स्वयंपाकघरात येऊन तीन बोटं दाखवतंय.

त्या तीन बोटांपासून माझं काम गुणसूत्रांत फरक असलेल्या मुलांकडे वळलं. खाली लिहिलंय ते अशा आईबाबांसाठी. डाऊनबद्दल जास्त आहे, कारण माझ्याकडे तीच मुलं जास्त येतात. शेवटी टर्नर आणि विल्यम्सबद्दलही थोडं आहे.

कानच का?

डाऊन सिंड्रोम म्हणजे 21 नंबरचं गुणसूत्र जादा. ते जादा असलं की चेहऱ्याचा मधला भाग थोडा लहान राहतो. नाकाच्या मागून कानाच्या आतल्या पोकळीत जाणारी नळी अरुंद आणि आडवी असते, ती उघडणारे स्नायूही सैल. हवा खेळत नाही, पोकळीत चिकट पाणी साचतं. बाहेरची कानाची वाटही इतकी बारीक की थोडासा मळ ती बुजवून टाकतो. कधी आतली नसही कमजोर असते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने डाऊन सिंड्रोमसाठी 2011 साली काढलेल्या सूचनांत ऐकण्याच्या अडचणीपुढे 75 टक्के असा आकडा आहे. चारातल्या तिघांना. म्हणून "ऐकू येत असेल" हे गृहीत धरायचं नाही, तपासून सिद्ध करायचं.

पाण्यामुळे ऐकणं साधारण 25 ते 30 डेसिबलने कमी होतं. ते कसं लागतं हे बघायचं असेल तर दोन्ही कानांत बोटं घट्ट घाला आणि नवऱ्याला शेजारच्या खोलीतून पंखा चालू ठेवून तुमच्याशी बोलायला सांगा. आवाज येतो, शब्द येत नाहीत. आपल्या पोराचा दिवस असा जातो. आणि आपण त्याच्यावर शिक्का मारतो की कळत नाही म्हणून.

घरी काय बघायचं

मागे उभं राहून टाळी वाजवायची, ही आपल्याकडची सगळ्यांची तपासणी. ती सोडा. मूल सावली बघतं, टाळीचा वारा मानेला लागतो, आणि टाळी इतकी मोठी असते की चांगलं 40 डेसिबल कमी ऐकणारं पोरही वळतं. घरचे खूश होतात आणि एक वर्ष फुकट जातं.

त्याऐवजी असं करा. पंखा, टीव्ही, मोटर, सगळं बंद. मूल एकाच्या मांडीवर, पुढ्यात एखादं फार रंगीत नसलेलं खेळणं. दुसऱ्याने बाजूला आणि थोडं मागे, एका हाताच्या अंतरावर बसायचं. आता हळू आवाजात, पण कुजबुजत नाही, एक एक आवाज काढायचा: आ, ई, ऊ, म, श, स. हे सहा आवाज आम्ही रोज वापरतो, कारण बोलण्यातला जाड ते बारीक असा सगळा पल्ला त्यात येतो. "ऊ" ला वळतं पण "स" ला कधीच वळत नाही असं दिसलं तर ते लिहून ठेवा. मला ते फार उपयोगी पडतं.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने: आवाज काढल्यावर थांबा. मनात दहापर्यंत मोजा. डाऊनची मुलं आवाज ऐकून वळायला वेळ घेतात, आणि आपण तेवढ्यात तीन वेळा हाक मारून मोकळे होतो. मग कुठल्या हाकेला वळलं ते कुणालाच सांगता येत नाही. चार-पाच मिनिटांत आटपा, मूल कंटाळलं की पुढचं काही खरं नाही.

घरची तपासणी फक्त शंका घ्यायला. "सगळ्याला वळतं, मग ठीक आहे" असा निकाल तिच्यावरून काढू नका.

कानात तेल घालू नका. आजीशी यावरून भांडण होतं हे माहीत आहे मला, माझंही माझ्या सासूबाईंशी झालंय. मालिश करा, टाळूला तेल घाला, पण कानात नको. तेलात मळ फुगतो आणि बारीक वाट पूर्ण बुजते. बडने तर तो आत ढकललाच जातो. सहा-सहा महिन्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून सूक्ष्मदर्शकाखाली साफ करून घेणं हाच खरा उपाय.

किती वेळा तपासायचं

जन्मल्यावर एकदा, सहा महिन्यांचं झाल्यावर एकदा, आणि मग दर सहा महिन्यांनी, दोन्ही कान वेगवेगळे नीट ऐकतात असं सिद्ध होईपर्यंत. हे बहुधा चार वर्षांच्या पुढे जमतं. त्यानंतर वर्षातून एकदा, कायम. कायम म्हणजे मोठं झाल्यावरही. डाऊन असलेल्या माणसांचं बारीक आवाज ऐकणं विशी-तिशीपासूनच उतरायला लागतं. पंचविशीतला मुलगा अचानक हट्टी झाला, बोलावलं तर येत नाही, अशी तक्रार घेऊन जे येतात त्यांचे आधी कान बघते मी.

बाळाला जन्मानंतर काचेत ठेवलं असेल आणि जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं दिली असतील तर तो कागद सोबत आणा. हृदयाच्या त्रासामुळे डाऊनच्या बाळांना हे बरेचदा घडतं, आणि ही औषधं कानाच्या नसेला बाधू शकतात.

तपासणीला येताना

तपासण्या तीन-चार असतात आणि एकीवर भागत नाही. ओएई म्हणजे कानात बारीक बोंडू घालून आतल्या पेशींचा प्रतिध्वनी टिपायचा. पडद्यामागे पाणी असलं की ती नापास दाखवणारच, त्यावरून नस गेली असं समजून रडत घरी जाऊ नका. बेरा म्हणजे कपाळाला आणि कानामागे इलेक्ट्रोड लावून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघायचं. त्यासाठी मूल झोपलेलं लागतं, तास-दीड तास.

ही झोप म्हणजे बेराचं निम्मं काम. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, वाटेत एसटीत डुलकी लागू देऊ नका, आणि दूध केंद्रात आल्यावरच पाजा. त्याची रोजची गोधडी आणा. बऱ्याच ठिकाणी झोपेचं सिरप देतात. डाऊनच्या मुलाला ते बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय द्यायला मी सरळ नकार देते. या मुलांना झोपेत श्वास अडकायचा त्रास असू शकतो, हृदयाचाही असतो. परत यावं लागलं तर परत या.

मूल थोडं मोठं झालं की आवाजाकडे वळलं की खेळणं उजळतं अशी तपासणी होते, आणि पुढे आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. इथे वय जन्मतारखेवरून धरायचं नाही, समजेवरून धरायचं. चार वर्षांच्या मुलाला दोन वर्षांच्या मुलाची पद्धत लागली तर त्यात कमीपणा नाही. ठोकळ्याचा खेळ घरी आठवडाभर करून आणा: ताट वाजलं की वाटाणा वाटीत. माझा निम्मा वेळ वाचतो.

आता तो माझा गाळलेला आकडा. टिम्पॅनोमेट्रीच्या, म्हणजे कानाच्या पडद्याच्या तपासणीच्या, कागदावर डोंगरासारखा आलेख असतो, शेजारी व्हॉल्यूम लिहिलेला असतो, मिलिलिटरमध्ये. डोंगर आला तर पडदा हलतोय. सपाट रेघ आली तर आकडा बघा. लहान मुलात तो साधारण 0.3 ते 1.0 असतो, डाऊनच्या बारीक कानात आणखी कमीही येतो. सपाट रेघ आणि नेहमीसारखा आकडा म्हणजे बहुधा पाणी. सपाट रेघ आणि अगदी चिमूटभर आकडा म्हणजे मळ, नाहीतर यंत्राचं तोंड कानाच्या भिंतीला टेकलंय. सपाट रेघ आणि खूप मोठा आकडा म्हणजे पडद्याला भोक, किंवा ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) घातलं असेल तर ते उघडं आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही तपासणी 1000 हर्ट्झच्या सुराने करावी लागते, नेहमीच्या 226 ने खोटा डोंगर दिसू शकतो. हे विचारायला लाजू नका. "मॅडम, सूर कुठला वापरला?" असं एका बाबांनी मला विचारलं तेव्हा मला खरं तर आनंद झाला.

पाणी निघालं तर

तीन वाटा. थोडं थांबून पुन्हा बघायचं, ऑपरेशन करून ग्रोमेट घालायचं, किंवा मशीन लावायचं. इतर मुलांत ग्रोमेटकडे लवकर वळतात. डाऊनच्या मुलात कानाची वाट अरुंद असते, ग्रोमेट लवकर बाहेर पडतं, कान वाहतो, आणि भूल देण्याचा धोकाही जास्त. ब्रिटनमध्ये नाइस या उपचारांच्या सूचना काढणाऱ्या संस्थेच्या 2008 च्या सूचनांत अशा मुलांना आधी मशीन देऊ करा असं म्हटलं होतं. माझंही तेच मत, अनुभवाने झालेलं. ऑपरेशन करायचं ठरलंच तर भूलतज्ज्ञांना मानेबद्दल आठवण करा. डाऊनमध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, आणि कानाच्या ऑपरेशनला डोकं वळवून ठेवतात.

मशीन म्हणजे कानामागचंच असं नाही. कान वाहत असेल किंवा मशीनचा कानात बसवायचा साचा बसत नसेल तर डोक्याला पट्टा बांधून हाडावाटे आवाज पोचवणारं मशीन मिळतं. कानामागचं घेतलं तर साचा लहान मुलात तीन-चार महिन्यांनी बदलावा लागेल असं धरून चाला. शिट्टी वाजायला लागली की मशीन बिघडलं नाही, साचा सैल झाला. पहिल्या आठवड्यात पोर ते ओढून फेकतंच. जेवताना, म्हणजे हात गुंतलेले असताना, दहा मिनिटं लावा, मग वाढवत न्या. आणि मशीनला दोरा बांधून शर्टाला अडकवा, नाहीतर ते एक दिवस पाण्याच्या टाकीत सापडेल. सापडलंय.

घरातला गोंगाट

यावर मी जास्त बोलते, आणि बोलणारच. मशीन लावलं तरी ते पंखा आणि आई दोघांनाही मोठं करतं. लहान मुलाला शब्द उचलायचा तर बोलणं आजूबाजूच्या आवाजापेक्षा 15 डेसिबल वर असावं लागतं. आपल्या घरांत ते कुठलं यायला? माग, टीव्ही, मिक्सर, वर पत्र्यावर पाऊस.

पण एक हिशेब आपल्या हातात आहे. अंतर अर्धं केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो. दोन मीटरवरून एक मीटरवर या, 6 मिळाले. अर्ध्या मीटरवर या, 12. फुकट. म्हणून स्वयंपाकघरातून हाक मारणं बंद. जवळ जा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसा, मग बोला. ओरडलं की शब्द उलट फाटतात.

मागाला लागून घर असलेल्या त्या आईला मी घर बदला असं सांगू शकत नव्हते. आम्ही घरात मीटर घेऊन फिरलो. भिंतीला टेकून मुलाची बाज होती, तिथे 71. समोरच्या कोपऱ्यात, कपाटाच्या आड, 62. बाज हलवली, भिंतीला जुन्या वाकळा टांगल्या, आणि शिकवायचं सगळं त्या कोपऱ्यात. वाकळांनी भिंतीतून येणारा आवाज फार थांबत नाही, पण खोलीतला घुमारा मरतो. शुक्रवारी लाइट जायची, माग बंद. तो तिने बोलण्याचा दिवस करून टाकला. मोबाईलवरची ॲप कारखान्याच्या वादात चालणार नाहीत, पण बाज इकडे ठेवू की तिकडे एवढं ठरवायला पुरतात.

शाळेत पहिला बाक नव्हे, तर बाईंच्या जवळचा आणि खिडकी-रस्त्यापासून लांबचा बाक मागा. ही दोन्ही एकच असतील असं नाही.

मिरवणुकीचं सांगते. नायॉशचाच हिशेब: 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ अर्धा: 88 ला चार तास, 94 ला एक, 100 ला 15 मिनिटं. डीजेच्या भिंतीसमोर 100 म्हणजे काहीच नाही. "त्याला तसंही कमी ऐकू येतं, त्याला काय होतंय," हे वाक्य मी दर गणपतीत ऐकते. आधीच कमी असलेल्यात हा आवाज आणखी काढून घेतो, आणि ते परत येत नाही. मशीन काढून डबीत ठेवा, मुलाच्या मापाचे इअरमफ घाला, ढोल-ताशापासून लांब उभे राहा आणि बाप्पाला निरोप देऊन घरी या. मशीन नुसतं बंद करून कानात ठेवणं म्हणजे इअरमफ नव्हे.

टर्नर आणि विल्यम्स

टर्नर फक्त मुलींत, एक्स गुणसूत्र एकच, किंवा दुसऱ्याचा तुकडा कमी. लहानपणी वारंवार कान फुटतो. वास येणारा पू आला तर आठवडा थांबू नका, पडद्यामागची कातडी हाड खात असू शकते. पुढे नसेचं ऐकणं मधल्या सुरांत, 1500 ते 2000 हर्ट्झच्या आसपास, खड्डा पडल्यासारखं उतरतं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला मारी-लुईस बारेनास आणि सहकाऱ्यांनी 2000 साली गुणसूत्राचा कुठला भाग कमी आहे त्याचा कानाच्या त्रासाशी संबंध दाखवला. योगायोग असा की त्याच बाईंचं आधीचं काम गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणावर आहे. ते कळल्यावर मला आपलंच कुणीतरी भेटल्यासारखं झालं. तुमच्यासाठी कामाची गोष्ट: आलेखात 1500 हर्ट्झही तपासा असं सांगा, एरवी 1000 वरून थेट 2000 वर उडी मारतात. आणि अहवाल चांगला आला तरी दर पाच वर्षांनी परत तपासा. या मुली हुशार असतात, ओठ वाचून निभावतात, त्यामुळे कॉलेजला जाईपर्यंत घरी पत्ता लागत नाही.

विल्यम्समध्ये सातव्या गुणसूत्राचा बारीकसा तुकडा नसतो. ही मुलं मिक्सरला, फटाक्याला, फुगा फुटण्याला घाबरून कान झाकतात, म्हणून "याचे कान तर तिखट" असं समजून कुणी तपासत नाही. मोठेपणी यांच्यातल्या बऱ्याच जणांचं बारीक सुरांचं ऐकणं कमी झालेलं असतं. दोन्ही एकाच कानात नांदतं. मिक्सर लावण्याआधी सांगा, बटण त्यालाच दाबू द्या, सुरुवात दाराबाहेरून करा. इअरमफ फटाक्यांपुरते, दिवसभर घातले तर भीती वाढते.

कागद

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोम आणि जन्मजात बहिरेपण दोन्ही येतं, 18 वर्षांपर्यंत. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अंगणवाडीतून किंवा शाळेतून पाठवतात, थेटही जाता येतं. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अपंगत्वावर काम करणारी अलि यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. 2016 च्या कायद्याने ऐकण्याचं अपंगत्व दोन्ही कानांत 60 डेसिबलपासून धरतात, त्यामुळे 40 वाल्या मुलाला त्या नावाचं प्रमाणपत्र मिळणार नाही. मशीनची गरज तेवढ्याने संपत नाही. डाऊनच्या मुलाला बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र वेगळं मिळतं.

येताना एक दोनशे पानी वही आणा. डाव्या पानावर तारीख आणि आमचे आकडे, व्हॉल्यूमसकट. उजव्या पानावर घरचं: "स" ला वळलं का, सर्दी होती का, मशीन किती तास राहिलं. त्या आईच्या वहीत उजव्या पानांवर शिट्ट्या आहेत. आता ती पाचव्या शिट्टीला गॅस बंद करते, कारण डाळ तीन शिट्ट्यांत शिजत नव्हती आणि पोरगं आधीच बंद करायला लावायचं.